गाडीची शेड आणि उंबराची फांदी

मला स्वतःबद्दल शंका क्वचितच येते. तीस वर्षं अंबरनाथच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढल्यावर माणूस एक तर फार नम्र होतो, नाहीतर माझ्यासारखा होतो. बाटलीतलं द्रावण गुलाबी झालं की झालं, त्यावर साहेबांचं मत विचारायचं नसतं. निवृत्तीनंतर ही सवय मी घरी आणली आणि घर तिच्यावरच चालवलं. त्यामुळे गाडीसाठी शेड आणायचं ठरवलं तेव्हाही मी कोणाला विचारलं नाही.

आम्ही चामटोलीला राहतो. बदलापूर सोडून वांगणीकडे निघालं की लागणारं गाव. रस्त्याच्या एका बाजूला आमच्यासारख्या निवृत्तांची एकमजली घरं, ओळीने बांधलेली, आणि समोरच्या बाजूला ज्यांच्या शेतांवर ती बांधली त्यांची जुनी घरं. आमच्याकडे नळाला मीटर आहे आणि त्यांच्याकडे अंगण आहे. सोसायटीचा नियम असा की घरापुढे पक्कं बांधकाम करायचं नाही, पत्राही घालायचा नाही. गाड्या उघड्यावर उभ्या राहतात आणि पावसाळाभर कोणाची काही तक्रार नसते.

गाडीचं खरं वाटोळं होतं ते हिवाळ्यात. हे मी कोणालाही पटवून देऊ शकते. पावसात गाडी निदान धुऊन तरी निघते. डिसेंबरात नदीकडून धुकं येतं, कारखान्यांचा धूर वर न जाता खालीच बसतो आणि रात्रभर पडणाऱ्या दवात मिसळून गाडीवर उतरतो. सकाळी काचेवरून बोट फिरवलं तर बोट काळं होतं. रंगावर बारीक पांढरे डाग पडतात, ते पॉलिशनेही जात नाहीत. आणि आमच्या गाडीसारखी बावीस वर्षांची पेट्रोल गाडी असेल, तर ती पहाटे पाच वाजता सुरू व्हायला नकार देते.

पहाटे पाच वाजता गाडी लागायची, कारण माझ्या नवऱ्याच्या किडन्या काम करत नाहीत. दोन वर्षांपासून सोमवार, बुधवार आणि शुक्रवार सकाळी सहाला उल्हासनगरच्या एका केंद्रात त्याचं डायलिसिस असतं. चार तास मशीन त्याचं रक्त गाळतं. सहाची वेळ हुकली की ती खुर्ची दुसऱ्याला जाते, आणि त्या दिवशी दुसरी मिळेलच असं नाही. आमच्याकडे पहाटे मोबाइलवरून बोलावलेली टॅक्सी येते म्हणते आणि येत नाही. रिक्षाने दोनदा नेलं, दोन्ही वेळा गारठ्याने त्याला खोकला धरला. म्हणजे भिस्त आमच्या गाडीवरच होती, आणि गाडी चालवणारी मी.

नवी गाडी घेऊ या, असं मी मागच्या वर्षीच म्हटलं होतं. तो तेव्हा पेपर वाचत होता. पेपर खाली न करता म्हणाला, "माझ्यासाठी? किती दिवसांसाठी?"

मी नव्या गाडीचा विषय तिथेच सोडला. आणि मग नोव्हेंबरात ती सकाळ आली. शुक्रवार होता. मी किल्ली फिरवत राहिले, गाडी नुसती घरघरत राहिली. अर्ध्या तासाने मी हात टेकले. तो शेजारच्या सीटवरून उतरला, घरात गेला, स्वेटर काढून खुंटीला अडकवला आणि पुन्हा झोपला. लगेच झोपला. शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यावर मुलं झोपतात तशी गाढ झोप. रविवारी त्याच्या पायांवर सूज आली, रात्री श्वास लागला, आणि सोमवारी तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हे असं पुन्हा होऊ देऊ नका. मला मात्र सुजेपेक्षा त्या झोपेची भीती वाटली. माझ्या नवऱ्याला हे सगळं थांबवायचं होतं. तो तसं म्हणाला नव्हता, पण छत्तीस वर्षं एका घरात काढल्यावर म्हणायची गरज नसते.

मी ठरवलं, की निदान गाडीचं कारण त्याला मिळू द्यायचं नाही.

आधी कापडी कव्हर आणलं. ते दवाने असं भिजायचं की पहाटे ते काढताना माझ्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या व्हायच्या, आणि आतली गाडी उघड्या गाडीपेक्षा जास्त दमट. ते अक्षरशः भिजत घोंगडं झालं. गाडीला अंगाला चिकटलेलं पांघरूण नको होतं. वरून छप्पर आणि चारी बाजूंनी वारा, असं हवं होतं. म्हणून मी उल्हासनगरला गेले. तिथे सांगाल ते बनवून मिळतं आणि न सांगितलेलंही बनवून मिळतं. एका गल्लीत लोखंडी पाइपांच्या घडीच्या शेड करणारा एक सिंधी दुकानदार होता. पाइप एकमेकांत बसवायचे, वर ताडपत्री ओढून दोरीने बांधायची, पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवायच्या. खड्डा नाही, सिमेंट नाही, सोसायटीला बोलायला जागा नाही.

"मॅडम, बारिश तो गई," तो म्हणाला. "आता शेड कशाला? अगले जून में आना."

"दवासाठी हवी आहे."

"ओस के लिए?" त्याने आतल्या माणसाला हाक मारून हे सांगितलं, आणि दोघं हसले. "गाडी है मॅडम, फूल थोडी है."

मी त्याला धूर, दव आणि रंगावरचे डाग यांचं सगळं रसायनशास्त्र समजावून सांगितलं. शेवटी तो म्हणाला की पुढच्या वर्षीपासून मी हेच सांगून विकीन. मला ते योग्यच वाटलं.

शेड आली त्या दिवशी जोडायला दुकानदाराचा माणूस आला होता. माझा नवरा दारात खुर्ची टाकून बसला. तो बदलापूरच्या एका कारखान्यात देखभाल विभागाचा प्रमुख होता. त्या कारखान्यात बॉयलर बंद पडला की रात्री-बेरात्री घरी फोन यायचा, आणि रस्त्यावर कोणाची मोटारसायकल अडली की ती ढकलत आमच्या दारी आणली जायची. आता त्याच्या डाव्या हातात डायलिसिससाठी नसा जोडून जागा केली आहे. त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्याला धक्का लागू द्यायचा नाही. म्हणून मी त्याला कशालाच हात लावू देत नव्हते, उजव्याही हाताने नाही.

"तो मागचा पाइप उलटा लागलाय," तो म्हणाला.

"तुम्ही बसा हो," मी म्हटलं.

ताडपत्री ओढल्यावर पाइप उलटा लागलाय हे आम्हाला कळलं. सगळं सोडवून पुन्हा जोडावं लागलं. संध्याकाळी तो ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन बाहेर आला आणि प्रत्येक पाइपच्या टोकाला त्याने आकडे घातले. एकाला दोन जोडायचा, दोनला तीन. मी म्हटलं, घाला, तेवढं चालेल. मला वाटलं, मी मोठंच मन दाखवलं.

शेडने काम चोख केलं. तीन आठवडे गाडी पहाटे पहिल्या झटक्यात सुरू झाली. ताडपत्रीच्या कडेवरून दव टपटपायचं आणि खाली बॉनेट कोरडं ठणठणीत. रोज पहाटे त्यावरून हात फिरवताना मला जो आनंद व्हायचा तो कोणत्याही अहवालावर सही करताना झाला नव्हता. नवरा मागून निमूट येऊन सीटवर बसायचा. मी नेत होते म्हणून तो येत होता, हे मला कळत होतं. पण येत होता.

मग मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी मी औषधं आणायला गाडी घेऊन उल्हासनगरला गेले. दुपारी एकला परतले आणि गल्लीत वळताच ब्रेक दाबला. आमच्या घरापुढे चार वाळूच्या पिशव्या होत्या. चौकोनात, जागच्या जागी. शेड नव्हती.

ती शोधायला फार लांब जावं लागलं नाही. ती समोरच्या अंगणात उभी होती. चारही खांबांना आंब्याचे डहाळे, कडेला झेंडूच्या माळा, आणि छपराखाली सतरंजीवर बसून बायका धवले म्हणत होत्या. धवले म्हणजे इकडची लग्नाची गाणी. ती म्हणणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात, आणि लग्नघरात तिचा शब्द भटजीच्या वरचढ असतो. समोरच्यांच्या मुलाचं गुरुवारी लग्न होतं, हे मला माहीत होतं. आमंत्रणपत्रिका फ्रिजवर लावलेली होती.

मी औषधांची पिशवी हातात घेऊनच तिकडे गेले. नवरदेवाचा बाप पुढे आला. आम्ही आलो त्या वर्षापासून ज्यांच्या शेतातली भाजी आम्ही खातो ते हे गृहस्थ. मला कायम ताई म्हणतात.

"ताई, या या. बसा."

"माझी शेड इथे कशी आली?"

"साहेबांनी दिली." त्यांना माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "मंडपवाला बोलला, सीझन हाय, मोठा मांडव उद्याच येल. मुहूर्त तर आजचा. दारात कायतरी नको का? मंग मी साहेबांना इचारला. ते सोता आले, खांब पण त्यांनीच लावून घेतले. कवढा टाइम होते इथं."

"ठीक आहे. मग आता मुहूर्त झालाय ना? संध्याकाळी परत द्या. उद्या पहाटे मला गाडी लागते."

त्यांनी मागे वळून पाहिलं, आणि मग मलाही दिसलं. माझ्या शेडच्या पुढच्या उजव्या खांबाला, जिथे नवऱ्याने पांढऱ्या रंगात एक आकडा घातला होता, तिथे उंबराची फांदी बांधली होती. हळदीत बुडवलेलं फडकं, त्यात सुपारी, खाली तांदळाची रास आणि वर कुंकवाची बोटं.

"मेढ बांधली ना ताई," ते हळूच म्हणाले. "बांबू येगळा आणला होता. तो काय तिकडं पडलाय. पण धवलारणीनी हा खांब बघितला, उगवतीकडं तोंड हाय, सरळ हाय, तिनी याच्यालाच बांधली. आता मांडव परतेपर्यंत हलवाचा नाय."

"कधी परतणार?"

"लग्नानंतर पाचव्या दिवशी. पुढल्या मंगळवारी."

मी मनात हिशेब केला. बुधवार, शुक्रवार, सोमवार. तीन पहाटा. माझा आवाज चढला, आणि चढवायचा असतो तेव्हा तो चांगला चढतो. मी म्हटलं, की ही मांडवाची वस्तू नाही, ही माझ्या नवऱ्याच्या औषधाइतकी गरजेची आहे. बांबू पुरा आणि फांदी तिकडे बांधा, पाच मिनिटांचं काम आहे.

धवलारीण सतरंजीवरून उठलीसुद्धा नाही. सुपारी कातरता कातरता तिने माझ्याकडे वर पाहिलं. "बाय, देवाला सांगतेस जागा बदल म्हनून? तू सांग. मना नाय जमाचा."

मला देवाधर्माचं फारसं काही वाटत नाही. पण माझ्या लग्नात वडिलांनी रोवलेली मेढ पावसाच्या सरीत कलली होती, तेव्हा ती सरळ करायलाही आईने कोणाला हात लावू दिला नव्हता, हे मला नेमकं तेव्हाच आठवलं. एका मुलाच्या संसाराची पहिली खूण मी गाडीसाठी उपटायला सांगत होते. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि घरी आले. माघार घ्यायची मला सवय नाही, त्यामुळे ती नीट घेताही आली नाही. चप्पल काढताना एक पायरीवर आपटली.

नवरा खाटेवर पडला होता. दमला होता, पण चेहऱ्यावर वेगळंच काही होतं. त्याच्या नखांत पाइपांचा गंज अडकलेला दिसत होता.

"मला विचारायचं तरी," मी म्हटलं.

"तू मला विचारून आणली होतीस का?"

"तुमच्यासाठीच आणली ना? उद्या गाडी सुरू झाली नाही तर?"

तो उठून बसला. "दोन वर्षांत आपल्या दारात जो येतो तो काहीतरी घेऊन येतो. केळी, शहाळी. मला एक केळंसुद्धा चालत नाही, तरी आणतात. मागायला कोणी येत नाही. आज तो मागायला आला. तुझ्याकडे नाही, माझ्याकडे. 'साहेब, तुमच्याशिवाय होणार नाही,' म्हणाला. मी नाही कसं म्हणू?"

माझा राग गेला नाही. मी स्वयंपाकाला लागले.

बुधवारी पहाटे त्या हिवाळ्यातलं सगळ्यात दाट धुकं होतं. गाडीवर इतकं दव होतं की दाराच्या मुठीतून पाणी ओघळलं. मी रात्री बॉनेटवर जुनी चादर आणि वर प्लास्टिक टाकलं होतं, त्याचा काही उपयोग झाला नव्हता. किल्ली फिरवली. घरघर. पुन्हा फिरवली. समोरच्या अंगणात बायकांनी चूल पेटवली होती आणि मोठ्या पातेल्यात पाणी तापत होतं. मी किल्ली फिरवत राहिले. घरघर बारीक होत चालली, आणि पाच वाजून दहा मिनिटं झाली. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते, कारण तो आता दार उघडून घरात जाईल, स्वेटर काढेल आणि झोपेल, याची मला खात्री होती.

त्याने दार उघडलं आणि तो उतरला. मी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"बॉनेट उघड," बाहेरून आवाज आला.

मी मान वर केली. तो गाडीपुढे उभा होता आणि गळ्याचा मफलर काढत होता.

"बॉनेट. आणि आता किल्लीला हात लावू नकोस, बॅटरी संपवशील. टॉर्च घेऊन ये. एक कोरडं फडकं आण, कोरडं म्हणजे इस्त्रीचं."

मी पळत जाऊन टॉर्च आणि कपाटातला नवा टॉवेल आणला. डावा हात त्याने स्वेटरच्या पोटाशी धरून ठेवला आणि उजव्या हाताने इंजिनातल्या जाड काळ्या वायरी एकेक करून उपटल्या. टॉवेलने पुसल्या, मफलरने पुन्हा पुसल्या. जिथून ठिणगी सगळीकडे वाटली जाते त्या डबीचं झाकण काढलं. आतून ते घाम फुटल्यासारखं ओलं होतं.

"टॉर्च माझ्या तोंडावर काय धरतेस? कामावर धर."

मी कामावर धरला. हा आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. बॉयलरच्या फोनवर ऐकायचे तो हा आवाज. तो खरडपट्टी काढत होता आणि मला रडू येत होतं, म्हणून मी टॉर्च दोन्ही हातांनी घट्ट धरला.

झाकण बसवून तो म्हणाला, "आता फिरव. एकदाच, आणि सोडू नकोस."

गाडी कुरकुरली, खोकली आणि सुरू झाली. समोरच्या चुलीपाशी बसलेल्या बायकांनी इकडे पाहिलं. तो मफलर झटकून सीटवर येऊन बसला, टॉवेलला हात पुसले आणि पट्टा लावला. मी गाडी गल्लीतून बाहेर काढली.

धुक्यात रस्त्याची पांढरी रेघ तेवढी दिसत होती आणि मी तिच्यावर नजर ठेवून होते. बदलापूर आल्यावर मी विचारलं. मला राग आला होता, की आनंद झाला होता, मला सांगता येणार नाही.

"हे इतकं सोपं होतं, तर नोव्हेंबरात का नाही केलंत?"

तो काचेबाहेर बघत होता. "नोव्हेंबरात मला जायचं नव्हतं."

त्याने ते अगदी साध्या आवाजात सांगितलं. साखर संपली आहे, असं सांगावं तसं. मला जे माहीत होतं तेच होतं, तरी ऐकल्यावर गाडीचा वेग आपोआप कमी झाला. म्हणजे मी सगळं चुकीचं दुरुस्त करत बसले होते. कव्हर, शेड, वाळूच्या पिशव्या, उल्हासनगरच्या दुकानदाराला दिलेलं व्याख्यान. गाडी त्याला दहा मिनिटांत सुरू करता येत होती. आणि त्याला आणखीही पुष्कळ करता येत होतं, पण मी त्याला काहीच करू देत नव्हते. मीच त्याला दारात खुर्ची टाकून दिली होती. तुम्ही बसा हो. तो बसला होता.

"आणि आज?" मी विचारलं.

"आज संध्याकाळी हळद आहे. मला पाच वाजता बोलावलंय, तो मोठा मांडव येतोय तो आपल्या शेडला जोडायचा आहे. मंडपवाल्याच्या पोरांना ते जमणार नाही." त्याने आपल्या पायांकडे पाहिलं. "सुजलेले पाय घेऊन जाऊ का?"

आम्ही सहाला दोन मिनिटं कमी असताना पोहोचलो.

मी पुढच्या दोन पहाटांना गाडीला हात लावला नाही. म्हणजे चालवली मीच, पण त्याआधी बॉनेट तो उघडायचा. मी टॉर्च धरायचे, कामावर. शुक्रवारी त्याने मला त्या वायरींचा क्रम शिकवला. मी एक वायर चुकीची लावली तेव्हा गाडीने असा काही आवाज केला की समोरून नवरदेवाचे बाप धावत आले. नवऱ्याने त्यांना सांगितलं, "काही नाही, शिकाऊ उमेदवार आहे." ते खोखो हसले. मीही हसले. आदल्याच दिवशी त्यांच्या घरी सून आली होती आणि मी तिला साडी देऊन आले होते, त्यामुळे आमचं बोलणं पुन्हा सुरू झालेलं होतं.

मंगळवारी मांडव परतला. धवलारणीने फांदी सोडली, खांबाच्या पायाशी नारळ फोडला आणि माझ्या हातावर खोबरं ठेवलं. तिच्याबद्दल माझं मत फारसं बदललेलं नाही, आणि माझ्याबद्दल तिचं बदललं असेल असंही वाटत नाही. पण तिने माझ्या कपाळाला हळद लावली ती चांगली जाड लावली. नवऱ्याने आकडे सांगायचे आणि नवरदेवाच्या भावांनी पाइप सोडवायचे, असं करत शेड आमच्या दारात परत उभी राहिली. पुढच्या खांबावरच्या आकड्याभोवती पिवळं लागलं होतं. मी ते पुसायला गेले तर तो म्हणाला, राहू दे.

सगळे निघून जात होते तेव्हा नवरदेवाचे बाप घुटमळले. त्यांच्याबरोबर त्यांचे वांगणीचे मेहुणे होते, त्यांच्या मुलीचं माघात लग्न आहे. बोलायचं मेहुण्यांना होतं, पण ते माझ्याकडे बघत होते. माझी त्या अंगणातली कीर्ती वांगणीपर्यंत पोचलेली दिसली.

"ताई, ती शेड..." मेहुणे म्हणाले.

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. माझ्या तोंडात ते नेहमी तयार असतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, "यांना विचारा. मला त्यातलं काही कळत नाही."

मेहुणे त्याच्याकडे वळले. त्याने दारामागची नव्या वर्षाची दिनदर्शिका काढून आणली, खुर्चीत बसून माघाचं पान उघडलं आणि चष्मा लावला. मी भिंतीला टेकून उभी राहिले. मागच्या वर्षी हाच माणूस पुढच्या महिन्यातलं काहीही ठरवायला तयार नसायचा. त्याने तारखांवरून बोट फिरवत नेलं आणि एका ठिकाणी थांबवलं.

"मंगळवारी येतो, खांब लावून देतो," तो म्हणाला. "बुधवारी बोलावू नका. बुधवारी मला डायलिसिसला जायचं असतं."